टप अर्ध्यावर का अडतो?

पावसाळाभर कव्हरखाली उभी असलेली ओपन टप गाडी ठाण्यात आणि नवी मुंबईत साधारण दसऱ्याच्या सुमारास बाहेर निघते. धुऊन-पुसून होते, झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. मग कोणीतरी हौसेनं बटण दाबतं आणि टप ढिम्म हलत नाही. किंवा त्याहून वाईट, निम्मा उघडतो आणि आ वासून तसाच थांबतो. वर आभाळ भरून आलेलं असतं, कारण परतीचा पाऊस दसरा बघून थांबत नाही. फोन जातो आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "साहेब, पंप गेलाय. अख्खा सेट टाकावा लागेल."

असेलही गेला. पण मीटर (व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर) न लावता असं सांगणारा माणूस अंदाज बांधतोय, आणि तो अंदाज बरोबर की चूक हे तुमच्या खिशातून ठरणार आहे. टप उचलणारे तेलाचे पंप, मोटर आणि मॉड्यूल (टपाचा छोटा कॉम्प्युटर) महाग असतात, बऱ्याचदा बाहेरून मागवावे लागतात आणि बसवून झाल्यावर परत करता येत नाहीत. उलट बिघाड अनेकदा अगदी चिल्लर जागी निघतो: गंजलेला अर्थचा बोल्ट (जिथून करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो), बिजागरीपाशी आतून तुटलेली वायर, दमट हवेनं मेलेला एखादा मायक्रोस्विच. हा लेख वाचून कोणी ऑटो इलेक्ट्रिशियन होणार नाही. पण गॅरेजमध्ये "कुठे किती व्होल्ट मिळाले?" एवढा एक प्रश्न विचारता आला तरी पुष्कळ फरक पडतो.

आधी यंत्रणा. विजेवर चालणारा टप आजकालचा नाही. पेजोनं १९३० च्या दशकातच 'एक्लिप्स' या नावानं पत्र्याचा टप डिकीत शिरणाऱ्या गाड्या काढल्या होत्या. आपल्याला जास्त उपयोगी उदाहरण फोर्डच्या स्कायलायनरचं आहे. १९५७ ते १९५९ या काळातल्या या गाडीचा अख्खा पत्र्याचा टप दुमडून डिकीत जायचा आणि त्यात हायड्रॉलिक तेलाचा थेंबही नव्हता. दहा रिले (विजेनं चालू-बंद होणारे स्विच), दहा लिमिट स्विच, आठ सर्किट ब्रेकर, मोटरी आणि ६१० फूट वायर, बस. कॉम्प्युटरचा तर प्रश्नच नव्हता. एक हालचाल पूर्ण झाली की तिच्या टोकाचा लिमिट स्विच दाबला जायचा आणि त्यामुळे पुढची मोटर सुरू व्हायची. आजच्या गाडीत या साखळीच्या मधोमध एक कंट्रोल मॉड्यूल येऊन बसलं आहे, लिमिट स्विचची जागा बऱ्याच ठिकाणी चुंबक ओळखणाऱ्या हॉल सेन्सरनं घेतली आहे आणि मोटरी थेट सांधे ओढण्याऐवजी अनेक गाड्यांत तेलाचा पंप फिरवतात. पण 'मागची पायरी झाल्याची खूण मिळाल्याशिवाय पुढची सुरू करायची नाही' हा नियम तोच आहे. टपाचे बहुतेक विजेचे बिघाड या एका नियमातून उलगडतात.

बटण दाबलं की करंट थेट मोटरकडे धावत नाही. बटण मॉड्यूलला कळवतं, आणि मॉड्यूल आधी आपल्या अटी तपासतं. इग्निशन चालू आहे का? डिकी नीट बंद आहे का? डिकीत सामान आणि टप यांच्यामध्ये असलेला पडदा खाली ओढून अडकवलेला आहे का? गाडीचा वेग मर्यादेच्या आत आहे का? बॅटरीत दम आहे का? पंपाची मोटर आधीच तापलेली तर नाही? काचा कुठल्या उंचीवर आहेत हे माहीत आहे का? वेगाची अट गाडीगणिक वेगळी असते. आपल्याकडे अलीकडे विकल्या गेलेल्या मिनी कन्व्हर्टिबलचा टप ताशी ३० किलोमीटरपर्यंत उघडता येतो आणि त्याला १८ सेकंद लागतात. बीएमडब्ल्यूच्या अलीकडच्या झेड-फोरचा कापडी टप ५० पर्यंत चालतो आणि १० सेकंदांत उघडतो. पुष्कळ जुन्या गाड्या मात्र पूर्ण थांबल्याशिवाय ऐकत नाहीत. काही मॉडेलं बाहेर कडाक्याची थंडी असेल तरी नकार देतात. ती काळजी ठाण्यात सोडून द्या.

वडिलोपार्जित जमीन विकताना सात-बारावरच्या प्रत्येक वारसाची सही लागते. अकरा जणांनी सह्या केल्या आणि बारावा काका अलिबागला रुसून बसला, तर व्यवहार तिथेच थांबतो. जमिनीत खोट नसते, पैशात नसते, एक सही नसते. टपाचं तसंच आहे. पंप ठणठणीत, मोटर ठणठणीत, पण डिकीतल्या पडद्याच्या टोकाचा इवलासा स्विच 'हो' म्हणाला नाही की मॉड्यूल हात वर करतं. म्हणून 'कोणता पार्ट गेला' याच्याआधी 'कोणाचा होकार आला नाही' हे शोधायचं.

आता गाडीजवळ उभे राहा, आणि बटण दाबण्याआधी वर बघा. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये किंवा पोडियम पार्किंगमध्ये डोक्यावर बीम असतो, फायर स्प्रिंकलरचा पाइप असतो. दुमडताना टप, आणि पत्र्याचा टप असेल तर डिकीचं झाकणही, गाडीच्या एरवीच्या उंचीच्या बरंच वर जातं. यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात तर हा प्रयोग अजिबात नको. मोकळ्या जागेत या, इंजिन चालू करा आणि कोणाला तरी बटण धरायला सांगून स्वतः मागे उभं राहून फक्त बघा आणि ऐका.

काहीच झालं नाही, दिवा नाही, आवाज नाही, टप हलण्याआधी खाली येतात त्या काचाही आल्या नाहीत, तर प्रश्न अगदी सुरुवातीचा आहे. बटण, मॉड्यूलचा फ्यूज, मॉड्यूलचा अर्थ, किंवा न झालेली एखादी अट. पण बटणातला दिवा लुकलुकला किंवा डॅशबोर्डवर संदेश आला, तर ती चांगली बातमी आहे. मॉड्यूल जिवंत आहे आणि विचारपूर्वक नकार देतंय. अशा वेळी आधी मॅन्युअल उघडा, कारण लुकलुकण्याच्या पद्धतीचा अर्थ बऱ्याचदा तिथे छापलेला असतो. मग डिकीतला पडदा एकदा काढून पुन्हा बसवा. हसण्यावारी नेऊ नका. गणपतीच्या सामानासाठी पडदा वर सरकवला आणि नंतर विसरलो, एवढ्यासाठी गाड्या गॅरेजला गेल्याची उदाहरणं गॅरेजवाले चवीनं सांगतात.

काचा खाली आल्या पण पंपाचा आवाज नाही, याचा अर्थ अटी पूर्ण झाल्या, होकार मिळाला, आणि गाडं पंपाच्या किंवा टप समोरच्या काचेच्या चौकटीला अडकवणाऱ्या पुढच्या कुलुपाच्या वायरिंगमध्ये अडलंय. पंपाचा घरघर आवाज येतोय पण टप जागचा हलत नाही, तर संशय विजेवरून तेलाकडे वळवा. तेलाची पातळी, गळती, अडकलेला व्हॉल्व्ह. अर्थात काही व्हॉल्व्ह विजेवर उघडतात, त्यामुळे व्हॉल्व्हच्या कपलरवर (वायरींच्या प्लगवर) करंट येतोय का एवढं बघायला हरकत नाही. टप ठरावीक जागी येऊनच दर वेळी थांबत असेल, तर त्या पायरीचा सेन्सर किंवा त्याची वायर. आणि दर वेळी वेगळ्याच जागी थांबत असेल, हळूहळू दमत जाऊन थांबत असेल, तर आधी व्होल्टेज.

शेवटचा एक प्रकार लोकांना फार छळतो. टप पूर्ण उघडतो, पूर्ण बंदही होतो, पण गाडी चालू लागली की बीप-बीप सुरू. डोळ्यांना सगळं बंद दिसतं, मॉड्यूलला मात्र शेवटच्या कुलुपाची खूण मिळालेली नसते. हे बहुधा सेन्सरचं किंवा कुलूप पूर्ण न बसल्याचं दुखणं आहे. पंपाकडे वळूनही बघू नका.

निरीक्षण करताना एक पथ्य पाळा. बटण पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. पंपाची मोटर थोडा वेळ चालण्यासाठीच बनवलेली असते. पाच-सात वेळा उघडझाप केली की ती तापते आणि मॉड्यूल तिला काही मिनिटं विश्रांती देतं. मग मूळ बिघाडावर हा दुसरा नकार बसतो आणि आपण गोंधळतो.

मोजायला बसायचं ते बॅटरीपासून. गाडी काही तास बंद ठेवून मोजलं तर चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा त्याहून किंचित जास्त मिळतात. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली की टपाचं नावही काढू नका, आधी चार्जर लावा. जून ते सप्टेंबर उभी राहिलेली गाडी झोपलेली नसते. अलार्म, लॉकिंग, निरनिराळी मॉड्यूलं थेंबथेंब करंट ओढत असतात. जंप देऊन इंजिन सुरू झालं म्हणजे बॅटरी सुधारली असंही नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा दिसायला हवा. दिसत नसेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघा, टप नंतर.

इथपर्यंत सगळे येतात. खरा पेच पुढे आहे. बॅटरीवरचा आकडा चांगला म्हणून पंपालाही तेवढंच मिळतंय असं धरून चालणं, इथे बहुतेक निदानं घसरतात.

समजा वाशीच्या एका सोसायटीतली कापडी टपाची गाडी आहे. टप निम्म्यावर येऊन कण्हत थांबतो. बॅटरीवर पंप चालू असताना मोजलं, ११.६ व्होल्ट. ठीक आहे, लोड (चालू मोटरचा भार) आल्यावर तेवढं उतरणारच. आता डिकीच्या कोपऱ्यातलं कार्पेट उचलून पंपाच्या कपलरच्या मागून मीटरच्या पिना लावल्या आणि पुन्हा बटण धरलं. ८.९ व्होल्ट. म्हणजे २.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी गळाले. कुठे? मीटरची एक पिन पंपाच्या काळ्या वायरवर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि पंप चालू. खरं तर या दोन जागा एकच असायला हव्यात, आकडा शून्याच्या जवळपास यायला हवा. आला २.३. उरलेले ०.४ पॉझिटिव्हच्या लांबलचक वायरमध्ये गेले, ते चालण्यासारखे. गुन्हेगार अर्थमध्ये आहे.

ती काळी वायर हातानं धरत मागे गेलं की ती मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर एका बोल्टखाली संपते. थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) पांढरट-हिरवी पूड, बोल्टच्या कडेनं तपकिरी ओघळ, खालचा फोम ओला. बोल्ट सोडवला तर तो सहज सुटतो आणि तेच वाईट लक्षण. थिंबल आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासायचे, बोल्ट घट्ट आवळायचा, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं की ०.१ च्या आसपास यायला हवं, आणि टप झपकन उठायला हवा.

हा आकडा थोडा उलगडून बघण्यासारखा आहे. पंप २५ अँपिअर ओढत असेल तर २.३ व्होल्ट गळायला अर्थमध्ये फक्त ०.०९ ओहमचा अडथळा पुरतो. साध्या मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तेवढे किंवा त्याहून जास्त ओहम दिसतात. म्हणून 'मी ओहमवर लावून बघितलं, अर्थ ओके आहे' या वाक्यावर विश्वास ठेवू नये. मीटरचा बीप वाजला याचा अर्थ वायरमधून काही मिलिअँपिअर जाऊ शकतात, इतकाच. वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी बीप वाजतो. २५ अँपिअर आले की त्या एका धाग्याचं काय होतं हे बीपला माहीत नसतं. त्यामुळे मोटरची वायर नेहमी लोड चालू असतानाच मोजायची. आणखी एक गोष्ट. २.३ व्होल्ट गुणिले २५ अँपिअर म्हणजे ५७.५ वॉट, आणि ही सगळी उष्णता त्या एका बोल्टवर निघते. पंप चालवल्यावर एखादा जोड हाताला गरम लागला तर मीटरशिवायही उत्तर मिळालं.

करंट मोजता आला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. घरच्या वायरमनकडचा स्वस्त क्लॅम्प बहुधा फक्त एसी मोजतो, तो गाडीत शून्यच दाखवेल आणि तुम्ही भलत्याच वाटेला लागाल. टप हळू आणि करंटही कमी, तर वाटेत अडथळा आहे, वर सांगितला तसा. टप हळू पण करंट नेहमीपेक्षा जास्त, तर वीज पोचतेय, सांधा आखडलाय किंवा काहीतरी अडकलंय. करंट शून्य, तर फ्यूज, रिले किंवा तुटलेली वायर.

रिलेबद्दल थोडक्यात. बऱ्याच गाड्यांत टप उघडायला पंप एका दिशेला फिरतो, बंद करायला उलट्या दिशेला, आणि हे उलटसुलट करायला दोन सारखेच रिले असतात. टप उघडतो पण बंद होत नाही, अशी तक्रार असेल तर ते दोन रिले आपापसात बदलून बघा. तक्रार उलटी झाली, म्हणजे बंद होतो पण उघडत नाही, तर रिलेच खराब. काहीच बदललं नाही तर रिले निर्दोष. एवढं सोपं निदान अख्ख्या गाडीत दुसरं नाही. 'टिक' असा आवाज आला म्हणून रिले चांगला असं मात्र समजू नका. टिक होते ती आतली कॉइल, जळालेले असतात ते करंट जोडणारे पॉइंट. नवीन गाड्यांत हे काम मॉड्यूलच्या आतच होतं, तिथे ही युक्ती चालत नाही.

सेन्सरकडे आता जरा निवांत बघू, कारण अर्ध्या वाटेत ठरावीक जागी अडणाऱ्या टपाचं उत्तर बहुतेक इथेच असतं. जुना प्रकार मायक्रोस्विचचा. बोटाच्या पेराएवढी काळी डबी, वर पातळ पट्टी, खाली तीन पाय. पट्टी नखानं दाबली की बारीक 'टिक' ऐकू येते. कपलर काढून, मीटर बीपवर ठेवून, सामाईक (कॉमन) पाय आणि दुसरा पाय यांच्यावर पिना लावा आणि पट्टी अगदी सावकाश दाबा. चांगला स्विच एका क्षणी ठामपणे बदलतो. खराब स्विच कुरकुरतो, बीप तुटक येतो, किंवा जोर दिला तरच येतो. या स्विचमधून अगदी नगण्य करंट जातो आणि तीच त्याची अडचण आहे. मोठ्या करंटच्या स्विचमध्ये दर वेळी उडणाऱ्या बारीक ठिणगीनं पॉइंटवरचा मळ जळून जातो. इथे ती ठिणगीच नाही. त्यात आपली खाडीकाठची खारट दमट हवा. पाम बीच रोडलगतच्या किंवा कोपरीकडच्या गाड्यांत चार महिने न हललेला स्विच रुसला तर नवल नाही. साधा मायक्रोस्विच मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बहुधा मिळतो. माप, पट्टीची लांबी आणि पायांची रचना जुळवून घ्या म्हणजे झालं.

नवा प्रकार हॉल सेन्सरचा. आत हलणारं काही नाही. चुंबक जवळ आला की सिग्नल बदलतो. हा ओहमवर कधीच तपासता येत नाही, तरी सर्रास तपासला जातो आणि चांगले सेन्सर कचऱ्यात जातात. तीन वायरींचा असेल तर कपलर जोडलेलाच ठेवून आधी सप्लाय येतोय का बघा, मग अर्थ, मग सिग्नलच्या वायरवर मीटर ठेवून संबंधित सांधा हातानं हलवा. आकडा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उडी मारतो की नाही ते बघा. दोनच वायरींचा असेल तर तो व्होल्टेजऐवजी करंट कमी-जास्त करून बोलतो. तिथे साध्या मीटरशी झटापट करण्यापेक्षा स्कॅनरवर (गाडीच्या मॉड्यूलांमधली माहिती वाचणाऱ्या उपकरणावर) त्याची स्थिती बघावी.

सेन्सर खराब ठरवण्याआधी सांधा खरोखर त्या जागी पोचतोय का हेही डोळ्यांनी बघा. कापड आकसलं, केबल सैल झाली, कुलूप दोन मिलिमीटर आधीच थांबलं, तर सेन्सर 'नाही' म्हणतो आणि खरंच बोलतो.

वायरी तुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जिथे वायरिंग दर वेळी वाकतं तिथे, म्हणजे डिकीच्या बिजागरीपाशी आणि टपाच्या मुख्य सांध्यापाशी. बाहेरून वायर अखंड दिसते. रबरी नळी मागे सरकवून एकेक वायर दोन चिमटींत धरा आणि हलकेच ओढा. चांगली वायर ताठ राहते. आतून तुटलेली वायर त्या जागी लांबते, कारण आता फक्त प्लास्टिकचं आवरण उरलेलं असतं. कापून बघितलं तर तांब्याची दोन्ही टोकं काळी पडलेली दिसतात. ही वायर टप एका कोनात असताना टेकते आणि दुसऱ्या कोनात सुटते, म्हणून बिघाड येतो-जातो आणि गॅरेजमध्ये नेलं की गाडी शहाण्यासारखी वागते. जोड देताना तो वाकण्याच्या जागेपासून दूर घ्या, मधे नवीन लवचिक वायर टाका. वाकणाऱ्या भागात सोल्डर नको. सोल्डर वायरीत झिरपून ती कडक करतो आणि काही महिन्यांत वायर जोडाच्या शेजारी पुन्हा तुटते. दाबून बसवलेला जोड आणि वर आतून गोंद असलेली स्लीव्ह, हे टिकतं. आणि हो, उंदीर. स्टिल्टमध्ये महिनोन्‌महिने उभ्या गाडीत वायर कुरतडलेली मिळाली तर फार तांत्रिक कारणं शोधू नका.

पाण्याचा विषय या शहरांत टाळता येत नाही. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कापडी टपावरून ओघळणारं पाणी मागच्या खोबणीत जमा होतं आणि तिथल्या छिद्रांतून, नळ्यांतून गाडीखाली जातं. गाडी झाडाखाली उभी असेल तर पर्जन्यवृक्षाची बारीक पानं आणि सोनमोहराच्या पाकळ्या या छिद्रांत बसून त्यांचा लगदा होतो. मग पाणी साचतं, आणि पंप खालीच बसवलेला असला तर तो बुडतो. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या पिढीच्या, २००८ पर्यंत बनलेल्या झेड-फोरमध्ये टपाच्या पंपाची मोटर नेमकी अशाच खोलगट जागी बसवलेली आहे. बुडून गेलेल्या मोटरींमुळे ती जगभर प्रसिद्ध आहे. तपासायला मीटर लागत नाही. टप अर्धा उघडून खोबणीत तांब्याभर पाणी हळू ओता आणि गाडीखाली बघा. खाली यायला वेळ लागला तर मऊ नायलॉनची दोरी सरकवून वाट मोकळी करा. तार घालू नका, नळी फाटली की पाणी थेट आत. ओल्या पंपात नवीन फ्यूज टाकून 'चाललं' म्हणत निघून जाणं हा तर शुद्ध उधारीचा धंदा. मोटरीत गेलेलं पाणी आज ना उद्या वसुली करतं.

स्कॅनरची गोष्ट मुद्दाम शेवटी घेतली. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ उपकरण बहुधा इंजिनचेच बिघाडाचे कोड वाचतं, टपाच्या मॉड्यूलपर्यंत पोचतच नाही. 'कोड काही नाही' हे त्याचं उत्तर म्हणून निरर्थक. त्या कंपनीच्या बॉडी मॉड्यूलांशी बोलणारा स्कॅनर हवा. कोड मिळाले की आधी फोटो काढून ठेवा, मग पुसा, बॅटरी पूर्ण भरा आणि टप एकदा चालवून पुन्हा वाचा. बॅटरी उतरलेली असताना दहा मॉड्यूलं दहा तक्रारी नोंदवतात. त्या गेल्या की उरतो तो एखादाच, आणि तोच खरा. त्यातही 'अमुक सेन्सरचा सिग्नल चुकीचा' या कोडचा अर्थ 'सेन्सर बदला' असा होत नाही. वायर, कपलर, सप्लाय आणि खुद्द सांधा, सगळ्यांना तो कोड लागू पडतो. कोडपेक्षा स्कॅनरचा चालू स्थिती दाखवणारा स्क्रीन जास्त कामाचा. प्रत्येक स्विचसमोर 'उघडा' किंवा 'बंद' दिसतं. एकानं तो बघायचा, दुसऱ्यानं टपाची एकेक पायरी पुढे न्यायची. ज्या ओळीत बदल व्हायला हवा होता आणि झाला नाही, तिथे बोट ठेवायचं. स्कॅनर भाड्यानं किंवा तासावर मिळत असेल तर नवीन पार्टआधी तो खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

काही गोष्टी हौशी माणसानं करू नयेत. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. अनेक कन्व्हर्टिबलमध्ये मागच्या सीटच्या पाठीशी उसळणारे रोलबारही असतात. तिथे मीटर नको आणि टेस्ट लॅम्प तर नकोच. मॉड्यूलच्या सिग्नल वायरींनाही बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, त्याचा करंट त्यांना झेपत नाही. पंपाला बॅटरीतून थेट करंट देऊन बघायचा मोह होतो. मधे फ्यूज घालून, क्षणभर, मोटर फिरते का एवढंच बघा. मॉड्यूलला वगळून टप चालवला तर झाकण उघडायच्या आत टप त्यावर आदळू शकतो. अर्ध्यात उभ्या टपाखाली हात किंवा डोकं घालायचं असेल तर आधी त्याला लाकडाचा ठोकळा किंवा दांडा लावा. तो वजनदार सांगाडा फक्त तेलाच्या दाबावर उभा असतो आणि दाब उतरला की सांगून खाली येत नाही. हातानं बंद करायची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते. बहुतेक वेळा पंपावरचा व्हॉल्व्ह सोडून दोघांनी दोन्ही बाजूंनी सारखा जोर लावायचा असतो. एकट्यानं एका बाजूनं ओढलं तर सांधा वाकतो, आणि मग तो बिघाड विजेचा राहत नाही.

दुरुस्ती झाल्यावर एक शेवटचा अडथळा येतो आणि तो अनेकांना पुन्हा गॅरेजला पळवतो. बॅटरी काढून लावली की काचा आपली जागा विसरतात. मॉड्यूलला काचा खाली गेल्याची खात्री पटत नाही आणि टप नकार देतो. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं की ती पुन्हा शिकते. नेमकी कृती मॅन्युअलमध्ये मिळेल. दोन्ही काचांना हे करा, मग इंजिन चालू ठेवून टप एकदा पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा, आणि पंपाच्या कपलरवर लोडमध्ये किती व्होल्ट मिळाले तो आकडा तारखेसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. पुढच्या दसऱ्याला तुलना करायला तो लागेल.